नदीच्या वाटेवरचे रूळ

बलुचिस्तानच्या नकाशावर रेल्वेच्या रेघा मोजायला एका हाताची बोटं पुरतात. सिंधच्या मैदानातून सिबीमार्गे क्वेट्ट्याला चढणारी एक, क्वेट्ट्याहून अफगाण सरहद्दीवरच्या चमनला जाणारी दुसरी, आणि पश्चिमेला वाळवंट तुडवत इराणातल्या जाहेदानपर्यंत गेलेली तिसरी. सिबीहून हरनाईकडे जाणारा तुटका फाटा धरला तर चार. पाकिस्तानचा ४० टक्क्यांहून अधिक भूभाग या एका प्रांतात मोडतो, त्या मानाने हे काहीच नाही. पण जुना नकाशा काढला की त्यावर आज नसलेल्याही रेघा दिसतात. छप्पर रिफ्ट नावाच्या फटीतून गेलेली एक, बोलन नदीच्या चक्क पात्रातून गेलेली एक, बोस्तानहून झोबपर्यंतची नॅरोगेज. या प्रकरणात जे मार्ग टिकले त्यांच्याइतकीच जागा पुसल्या गेलेल्या मार्गांनाही द्यावी लागणार आहे.

आधी इथली अडचण समजून घेऊ. सिबी समुद्रसपाटीपासून जेमतेम १३० मीटरवर, उन्हाळ्यात भाजून काढणारं गाव. क्वेट्टा सुमारे १,६८० मीटरवर, हिवाळ्यात बर्फ पडणारं. दोघांत रेल्वेने अंतर १४० किलोमीटर. त्यातही क्वेट्ट्याच्या अलीकडची कोलपूरची खिंड आणखी उंच, १,७९० मीटरच्या आसपास. मधले डोंगर उघडेबोडके, एकामागे एक उभे केलेल्या भिंतींसारखे. या भिंतींत जिथे जिथे दार आहे, ते पाण्यानेच पाडलेलं आहे. नारी नदीने एक, बोलन नदीने दुसरं. उंट, काफिले, फौजा शेकडो वर्षं याच दारांतून आल्या-गेल्या, आणि रेल्वेच्या इंजिनियरांपुढेही तिसरा पर्याय नव्हता. नदी वर्षातले बहुतेक दिवस घोटाभर पाण्याची, बाकी नुसते गोटे. क्वेट्ट्याचा वर्षभराचा पाऊस पुण्याच्या निम्म्याहूनही कमी भरतो. मात्र डोंगरावर ना झाडोरा, ना माती, त्यामुळे पडलेलं पाणी मुरत नाही. वरच्या अंगाला तासभर ढग फुटला की खालच्या घळीत पुरुषभर उंचीची लाट येते, आणि घळीत तेव्हा आकाश निरभ्रही असू शकतं. रेल्वे इथे नदीची भाडेकरू होती. घरमालक वर्षानुवर्षं फिरकत नसे, पण आला की घर रिकामं करून घेई.

एवढ्या अवघड जागी रेल्वे न्यायची गरज कुणाला होती? व्यापाऱ्यांना नव्हती, प्रवाशांना तर नव्हतीच. गरज होती ब्रिटिश हिंदुस्थानच्या लष्कराला. मध्य आशियात रशिया एकेक शहर गिळत पुढे सरकत होता. १८७८ मध्ये दुसरं अफगाण युद्ध सुरू झालं. कंदाहारला फौज पोचवायची तर सिंधू नदीपासून सिबीपर्यंत पसरलेलं काच्छीचं निर्जळ वाळवंट आडवं येत होतं, आणि तिथे माल वाहणारी जनावरं पटापट मरत होती. १८७९ च्या सप्टेंबरात हुकूम सुटला की सिंधमधल्या रूकपासून सिबीपर्यंत रूळ टाका, आणि ताबडतोब टाका. ऑक्टोबरच्या सुरुवातीला काम सुरू झालं. १४ जानेवारी १८८० ला, म्हणजे १०१ दिवसांत, सुमारे २१५ किलोमीटर अंतर कापून रूळ सिबीला टेकले. तेव्हा सक्करला सिंधूवर पूल नव्हता, तो १८८९ मध्ये झाला. म्हणजे प्रत्येक रूळ, प्रत्येक स्लीपर आणि आख्खी इंजिनं नावेवर चढवून पैलतीरी न्यायची. पिण्याचं पाणीही पाठीमागून गाडीनेच आणायचं. या सगळ्या खटाटोपावर देखरेख होती सर रिचर्ड टेंपल यांची. टेंपल तेव्हा मुंबईचे गव्हर्नर होते आणि सिंध मुंबई इलाख्यात मोडत होता. मुंबईहून कारभार हाकणारा माणूस काच्छीच्या रणात रूळ मोजत फिरत होता, असा तो काळ.

सपाटीवरची ही घोडदौड डोंगर लागताच थांबली, पण तिला डोंगराने थांबवलं नाही. १८८० मध्ये इंग्लंडात ग्लॅडस्टन सत्तेवर आले. त्यांच्या उदारमतवादी सरकारला अफगाण उचापती नको होत्या. काम बंद झालं, सामान उचलून परत पाठवलं गेलं. तीनेक वर्षांत वारं पुन्हा फिरलं, पण केलेला गाजावाजा उलटा गिळणं सरकारला जड जात होतं. तेव्हा एक नामी युक्ती निघाली. १८८३ मध्ये जेम्स ब्राउन या रॉयल इंजिनियर्सच्या अधिकाऱ्याला हरनाईच्या वाटेवर काम सुरू करायला सांगितलं गेलं, आणि कागदोपत्री त्या कामाचं नाव ठेवलं ‘हरनाई रस्ता सुधारणा’. रस्त्याच्या नावाखाली रेल्वेचे भराव आणि बोगदे होऊ लागले. सरकारी खात्यांची ही कला आजही लोप पावलेली नाही, हे जाणत्या वाचकाला सांगायला नको. मार्च १८८५ मध्ये पंजदेहला रशियन आणि अफगाण फौजांची चकमक झाली, युद्धाचं वातावरण तापलं, आणि मग पडदा ठेवायची गरजच उरली नाही. कामाला सिंध–पिशीन स्टेट रेल्वे हे खरं नाव मिळालं.

हरनाईचा मार्ग लांबचा, पण चढ त्यातल्या त्यात सौम्य. म्हणूनच तो निवडला होता. नारी नदीच्या घळीत तो नदी पुन्हा पुन्हा ओलांडत जातो. पुढे मड गॉर्ज नावाची काही मैलांची घळ लागते. तिथली चिकण जमीन पाऊस लागताच फुगायची आणि रूळांसकट घसरायची. आज टाकलेला भराव उद्या चार हात बाजूला गेलेला असे. १८८५ च्या उन्हाळ्यात कॉलरा आला. मजूर मोठ्या संख्येने दगावले, आणि उरलेल्यांपैकी पुष्कळांनी कामं टाकून गावची वाट धरली.

पण या मार्गाची खरी परीक्षा होती छप्पर रिफ्टमध्ये. एक प्रचंड चुनखडीचा डोंगर वाटेत आडवा पडलेला आहे आणि नदीने तो करवतीने कापावा तसा आरपार चिरला आहे. चीर जवळपास पाच किलोमीटर लांब, दोन्ही अंगांना शेकडो फूट ताठ कडे. तळातून रूळ न्यावेत तर पहिल्याच पुरात जातील. त्यामुळे गाडी कड्याच्या पोटातून न्यायचं ठरलं. एका काठाच्या कड्यात बोगदे, मग फट ओलांडणारा एक उंच पूल, मग दुसऱ्या काठाच्या कड्यात बोगदे. आता बोगदा दोन टोकांकडूनच खणत बसलं तर वर्षानुवर्षं लागली असती. म्हणून इंजिनियरांनी कड्याच्या तोंडावरच जागोजाग आडवी भोकं पाडून आत शिरायचं ठरवलं, म्हणजे एकाच वेळी अनेक तोंडांनी काम चालेल.

त्या भोकांपर्यंत पोचायचं कसं? तर वरून. डोंगराच्या माथ्यावर मेखा ठोकून दोर सोडायचे आणि माणसं त्या दोरांवर खाली उतरवायची. कडा पुष्कळ ठिकाणी आत गेलेला, त्यामुळे दोरावरचा माणूस खडकापासून दूर अधांतरी लोंबकळे. तो झोके घेत घेत खडकाला हात लागेल इतका जवळ येई आणि हातातली पहार भेगेत रोवायचा प्रयत्न करी. पहिली पहार रुतली की तिला धरून दुसरी, मग तिसरी. पहारींवर फळ्या टाकून माचा झाला की मागून आणखी माणसं उतरत, आणि मग सुरुंगाची भोकं घ्यायला सुरुवात होई. सुरुंग पेटवायचा तेव्हा त्याच दोरांवरून वर ओढून घ्यायचं. खाली तीन-चारशे फुटांवर गोटे. या लोकांची नावं कुठे लिहिलेली नाहीत.

फटीवरच्या पुलाला मात्र नाव मिळालं. मार्च १८८७ मध्ये त्याचं उद्घाटन डचेस ऑफ कनॉट यांच्या हस्ते झालं आणि त्यांच्याच नावावरून तो लुईझ मार्गारेट पूल झाला. त्यांचे पती, म्हणजे व्हिक्टोरिया राणीचे चिरंजीव, तेव्हा मुंबई लष्कराचे सेनापती होते. पूल नदीच्या तळापासून सुमारे ७० मीटर उंच. एका बोगद्यातून बाहेर पडून गाडी क्षणभर उघड्यावर यायची आणि लगेच समोरच्या कड्यात शिरायची. जगातल्या रेल्वे-कामांत हे एक आश्चर्य मानलं गेलं, आणि ते रास्तच होतं.

हे आश्चर्य ५५ वर्षं टिकलं. जुलै १९४२ च्या पुराने रिफ्टच्या परिसरात मार्ग इतका उखडला, की तो दुरुस्त करायच्या भानगडीत कुणी पडलं नाही. महायुद्ध चालू होतं, पोलादाला सोन्याचा भाव होता, आणि क्वेट्ट्याला जायला दुसरा मार्ग तोवर रुळलेला होता. पुलाचे गर्डर उतरवून नेले. कड्यातले बोगदे तसेच आहेत, दोन्ही तोंडं उघडी. खालच्या अंगाचा सिबी ते खोस्त हा तुकडा कोळशाच्या खाणींमुळे पुढे कित्येक वर्षं चालला. २००६ मध्ये पूल उडवले गेल्यावर तोही बरीच वर्षं बंद पडून होता.

तो दुसरा मार्ग म्हणजे बोलन. याची सुरुवातही घाईतच झाली. पंजदेहनंतर हरनाईचं काम पुरं होईपर्यंत थांबायची लष्कराची तयारी नव्हती. म्हणून १८८५ मध्ये बोलनच्या पात्रातूनच तात्पुरते रूळ टाकायला घेतले, आणि १८८६ मध्ये गाडी क्वेट्ट्याला पोचलीही. खालच्या भागात ब्रॉडगेज, वरच्या खड्या चढावर मीटरगेज. अध्येमध्ये सगळा माल एका डब्यातून दुसऱ्यात चढवायचा. स्वस्त, झटपट आणि सगळ्यांना माहीत होतं तसं बेभरवशाचं. १८८९ च्या पुराने मार्ग धुऊन नेला. दुरुस्त केला, तर पुढच्या वर्षी पुन्हा तेच. शेवटी इंजिनियरांनी खालचा भाग बोलनच्या पात्रातून काढून शेजारच्या मुश्काफ खोऱ्यात हलवला आणि वरचा भाग पुराच्या पातळीहून उंच, कड्याच्या अंगाने, बोगदे खणून नेला. तो १८९० च्या दशकात तयार झाला. आज क्वेट्ट्याला जाणारी गाडी याच मार्गाने जाते.

पूर टाळला, पण चढ कसा टाळणार? आबेगुम ते कोलपूर या टप्प्यात चढ २५ ला १ आहे, म्हणजे २५ मीटर पुढे गेलं की १ मीटर वर. आकडा वाचून चढ डोळ्यांपुढे येत नाही, म्हणून थोडा हिशेब करू. सपाटीवर एक टन वजनाचा डबा हलता ठेवायला तीन-चार किलोचा जोर पुरतो, कारण पोलादाच्या रुळावर पोलादाचं चाक फार थोडं घासतं. २५ ला १ च्या चढावर त्याच एका टनाला नुसतं मागे घसरू न देण्यासाठीच ४० किलोचा जोर लागतो. दहापट ताकद, आणि चाकाखाली तेच गुळगुळीत पोलाद. कर्जत–लोणावळ्याचा आपला भोर घाट ३७ ला १ आहे. तिथे हा जोर २७ किलोच्या आसपास येतो, आणि तेवढ्यासाठीसुद्धा कर्जतला गाडीला मागून बँकर इंजिनं लावावी लागतात. बोलनमध्येही पुढे एक आणि मागे एक इंजिन लावून गाडी रेटत नेतात.

चढताना फक्त वेळ जातो, जीव धोक्यात येतो तो उतरताना. कोलपूरहून निघालेल्या गाडीचे ब्रेक निकामी झाले तर ती थेट आबेगुमच्या पायथ्यापर्यंत वेग घेत जाईल. यावर जो उपाय योजला आहे तो भोर घाटातल्या माणसाला ओळखीचा वाटेल, कॅच सायडिंगचा. उतारावर ठरावीक ठिकाणी मुख्य रुळातून एक फाटा फुटतो आणि डोंगराच्या अंगावर वर चढत जाऊन संपतो. यातली खरी खुबी अशी की पॉइंट नेहमी या फाट्याकडेच वळवून ठेवलेला असतो. म्हणजे काहीच केलं नाही तर येणारी प्रत्येक गाडी डोंगरावर चढून थांबणार. ड्रायव्हरने पॉइंटच्या अलीकडे गाडी पूर्ण उभी करायची, शिटी द्यायची. गाडी खरोखर ताब्यात आहे अशी खात्री पटली की केबिनमधला माणूस पॉइंट सरळ मार्गाला लावतो आणि सिग्नल देतो. मग पुढच्या सायडिंगपर्यंत जायचं आणि तिथे पुन्हा हाच सोपस्कार. माणूस चुकणार, यंत्र बिघडणार, हे गृहीत धरून केलेली अशी व्यवस्था मला उंच पुलांपेक्षा जास्त हुशारीची वाटते, जरी तिचा फोटो कुणी काढत नसलं तरी.

क्वेट्ट्याच्या पुढे चमनचा मार्ग ख्वाजा अमरान डोंगररांगेपाशी अडला. तिथे नदीने दार पाडलेलंच नव्हतं, म्हणून ते माणसांनी पाडलं. खोजक बोगद्याचं काम १८८८ मध्ये सुरू झालं आणि १८९१ मध्ये संपलं. लांबी ३.९ किलोमीटर. आतला दगड ठिसूळ, भुसभुशीत, त्यात पाण्याचे झरे. भिंती आणि कमानी विटांनी बांधून काढाव्या लागल्या, आणि त्या कामासाठी वेल्समधून अनुभवी खाणकामगार आणले गेले. बोगद्याचं काम चालू असतानाच पलीकडच्या अंगाला सामान पोचवण्यासाठी डोंगरावरून दोरांनी ओढायचे उतरते मार्ग केले होते. अनेक वर्षं पाकिस्तानच्या पाच रुपयांच्या नोटेच्या पाठीमागे याच बोगद्याचं चित्र छापलं जात असे.

या बोगद्याची एक गोष्ट तिथे हमखास सांगतात. दोन्ही टोकांकडून खणत आलेले बोगदे ठरल्या दिवशी एकमेकांना भेटले नाहीत, म्हणून मुख्य इंजिनियराने जीव दिला, आणि दुसऱ्याच दिवशी बोगदे जुळले. ऐकायला गोष्ट झकास आहे. पण कालका–सिमला मार्गावरच्या बडोग बोगद्यापाशीही जवळपास हीच गोष्ट सांगतात, फक्त तिथे बोगदे जुळतच नाहीत. खोजकचे प्रमुख इंजिनियर एफ. एल. ओकॅलाहन तर पुढे आफ्रिकेतल्या युगांडा रेल्वेचा कारभार पाहणाऱ्या समितीवर काम करत होते.

१८९२ च्या सुरुवातीला रूळ चमनला पोचले. कंदाहार तिथून शंभर-सव्वाशे किलोमीटर, मध्ये बहुतेक सपाटी. पुढचे रूळ, स्लीपर, पुलांचे भाग चमनला रचून ठेवले होते, हुकूम आला की टाकायला सुरुवात. अफगाण अमीर अब्दुर रहमान यांना हा बोगदा आपल्या पोटावर रोखलेल्या सुऱ्यासारखा वाटत होता आणि त्यांनी तो राग लपवला नाही. हुकूम कधीच आला नाही. ज्या कंदाहारसाठी हा सगळा अट्टहास झाला, तिथे आजतागायत रेल्वे गेलेली नाही.

पश्चिमेच्या मार्गाची गोष्ट थोडक्यात. १९०५ मध्ये नुश्कीपर्यंत रूळ गेले. पहिल्या महायुद्धात जर्मन हस्तक इराणमार्गे येतील या धास्तीने ते पुढे रेटले गेले आणि १९२२ मध्ये जाहेदानला पोचले. १९३० च्या दशकात वाहतूक नाही म्हणून शेवटचा तुकडा उखडला. दुसऱ्या महायुद्धात रशियाला मदत पाठवायची म्हणून तो परत टाकला. ज्या रशियाच्या भीतीने या प्रांतात पहिला रूळ पडला, त्याच रशियासाठी! या मार्गावर डोंगराची जागा वाळूच्या टेकड्यांनी घेतली आहे. चंद्रकोरीच्या आकाराच्या या टेकड्या वाऱ्याबरोबर सरकतात. टेकडी रुळावर आली की फावड्याने उपसणं निरर्थक. गँगमन तिला वळसा घालून नवे रूळ टाकतात, टेकडी आपल्या वाटेने निघून गेली की जुने रूळ मोकळे होतात, आणि गाडी पुन्हा त्यांच्यावरून धावू लागते. नदीशी असा समझोता कुणाला जमला नव्हता. इराणने २००९ मध्ये आपलं जाळं जाहेदानपर्यंत आणलं, पण त्याचं गेज १,४३५ मिलिमीटर आणि पाकिस्तानचं १,६७६, त्यामुळे मालाची उचल-ठेव करण्यावाचून गत्यंतर नाही.

झोबच्या नॅरोगेजचं मूळ लष्करी नव्हतं. पहिल्या महायुद्धात मुस्लिमबागच्या खाणींतलं क्रोमाइट हवं होतं, तेवढ्यासाठी ती निघाली. तिच्यावरचं कान मेहतरझाई हे स्टेशन २,२२० मीटरच्या वर होतं. बर्फात गाडी अडकायची. ट्रक स्वस्त पडू लागले आणि १९८० च्या दशकात ही गाडी थांबली.

आजची स्थिती अशी. ऑगस्ट २०२२ च्या अतिवृष्टीत बोलनमध्ये हिरकजवळचा रेल्वे पूल कोसळला आणि क्वेट्ट्याची गाडी कित्येक महिने बंद राहिली. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलपूर आणि माच यांच्यामधला पूल बलुच बंडखोरांनी स्फोटाने उडवला. ११ मार्च २०२५ ला पानीर–मुश्काफच्या बोगद्यांच्या परिसरात त्यांनी रूळ उडवून जाफर एक्सप्रेस अडवली आणि शेकडो प्रवाशांना ओलीस धरलं. लष्कराच्या कारवाईनंतर ते ओलीसनाट्य संपलं, पण माणसं मेली ती मेलीच. ज्या अरुंद घळी इंजिनियरांना दुसरी वाट ठेवत नव्हत्या, त्या गाडीला आणि तिच्या रखवालदारांनाही ठेवत नाहीत. १८८० च्या दशकात ब्रिटिशांनी हरनाई आणि बोलन असे दोन मार्ग बांधले, त्यात पैसा ओतला म्हणून त्यांच्यावर टीकाही झाली. एक बंद पडला तर दुसरा हाताशी असावा, हा त्यामागचा साधा हिशेब होता आणि १९४२ मध्ये तो कामी आला. तेव्हापासून क्वेट्ट्याला सिंधशी जोडणारा एकच मार्ग उरला आहे. त्यावरचा एक पूल पडला, मग तो पाण्याने पडो की बारुदाने, की प्रवाशांना माच किंवा सिबीला उतरून बस गाठावी लागते.